घरगुती फराळ विकायचाय? आधी व्हॉट्सॲप, मग गूगल, ब्लॉग आणि इन्स्टाग्राम

फराळ, मसाले, लोणची, वाळवण विकणाऱ्या घरगुती व्यवसायांची ऑनलाइन जाहिरात बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होते. आधी इन्स्टाग्रामचं पान उघडतं, मग लोगो येतो. दिवाळीला वीस दिवस उरले की रोज पोस्टी पडतात, लाइक्सही येतात, पण ऑर्डरी येतात त्या ओळखीच्याच घरांतून. पोस्ट डोळ्यांसमोरून जाते तेव्हा त्या माणसाला चकली नको असते आणि हवी असते तेव्हा ती पोस्ट त्याला सापडत नाही. म्हणून काम क्रमाने करावं. आधी ऑर्डर जिथे नोंदवली जाते ती जागा नीट लावायची. मग शोधणाऱ्याला सापडायचं, म्हणजे गूगल आणि ब्लॉग. त्यानंतर न शोधणाऱ्याच्या नजरेस पडायचं, म्हणजे इन्स्टाग्राम आणि फेसबुक. पैसे खर्च करून जाहिरात सगळ्यात शेवटी. इथे उदाहरण फराळाचं घेतलं आहे, पण केक, गोधड्या किंवा साबण विकणाऱ्यांनाही हाच क्रम लागू पडतो.

व्हॉट्सॲप बिझनेस: ऑर्डर इथेच पक्की होते

व्यवसायासाठी वेगळं सिमकार्ड घ्या, तेही स्वतःच्या नावावर. घरच्या नंबरावर व्यवसाय चालवला की नातेवाइकांच्या 'शुभ सकाळ'मध्ये ऑर्डरी हरवतात आणि पुढे मदतीला कोणी ठेवलं तर त्याच्या हाती फोन देता येत नाही. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप मोफत आहे. त्यात पहिल्याच दिवशी या गोष्टी भरून टाका.

कॅटलॉगमध्ये, म्हणजे ॲपमधल्या मालाच्या यादीत, पदार्थ वजनानुसार वेगळा टाका. 'भाजणी चकली २५० ग्रॅम' आणि 'भाजणी चकली ५०० ग्रॅम' या दोन नोंदी. प्रत्येकीखाली चार ओळी पुरतात: घटक काय, तेल किंवा तूप कोणतं, किती दिवस टिकते, पाव किलोत साधारण किती नग बसतात. शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात, पण घरात पाहुणे येणार असलेल्या बाईला नेमकं तेच हवं असतं. किंमत लिहाच. किंमत लपवली की गिऱ्हाईक विचारत बसत नाही, सरळ पुढे जातं.

'क्विक रिप्लाय'मध्ये रोजची उत्तरं साठवा: दरपत्रक, पोहोचवण्याचा परिसर आणि खर्च, पैसे कसे पाठवायचे, ऑर्डर किती दिवस आधी द्यायची. लेबलं चार पुरे: नवी चौकशी, पैसे यायचे, पाठवायचं आहे, पोहोचलं. दिवाळीच्या गर्दीत 'पैसे यायचे' हे लेबल दर संध्याकाळी उघडून पाहिलं, तर विसरलेल्या ऑर्डरी आणि बुडालेले पैसे दोन्ही टळतात.

ब्रॉडकास्ट म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवणं. त्याच्या यादीत एका वेळी २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. 'इतक्यांना पाठवला, एकाचंही उत्तर नाही' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. म्हणून पहिली ऑर्डर पोहोचली की लगेच एक ओळ पाठवा: 'नंबर जतन करून ठेवलात तर नवे पदार्थ कळत राहतील.' न विचारता लोकांना ग्रुपमध्ये ओढू नका. चारचौघांनी तक्रार केली तर व्हॉट्सॲप नंबरच बंद करू शकतं, आणि ऐन वसुबारसेला तसं झालं तर हंगाम हातातून जातो. ब्रॉडकास्ट महिन्यातून दोनदा, त्याहून जास्त नको.

आता एक छोटी युक्ती. व्हॉट्सॲपचा थेट दुवा बनवताना त्यात आधीच लिहिलेला मजकूर जोडता येतो. दुवा दाबला की गिऱ्हाइकाच्या खिडकीत तो मजकूर तयार असतो, त्याने फक्त पाठवायचं. प्रत्येक ठिकाणी मजकूर वेगळा ठेवा. इन्स्टाग्रामवरच्या दुव्यात 'इन्स्टाग्रामवर पाहिलं, फराळाची माहिती हवी', ब्लॉगवर 'लेख वाचला, भाजणी मागवायची आहे', पाकिटावरच्या क्यूआर कोडमध्ये 'पुन्हा ऑर्डर द्यायची आहे'. कोण कुठून आलं हे पहिल्याच ओळीत कळतं आणि त्यासाठी कसलंही महागडं साधन लागत नाही.

गूगलवर नोंद

'डोंबिवलीत घरगुती फराळ', 'माझ्या जवळ पुरणपोळी' असं शोधणारा माणूस विकत घ्यायलाच निघालेला असतो. त्याला सापडायचं तर गूगल बिझनेस प्रोफाइल हवं. तेही मोफतच. घरून व्यवसाय करत असाल आणि गिऱ्हाईक दारात येत नसेल, तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर भरायचा. नियमही तोच आहे आणि घराच्या सुरक्षिततेलाही ते बरं.

व्यवसायाचं नाव पाकिटावर आहे तेवढंच लिहा. नावापुढे 'बेस्ट चकली लाडू फराळ ठाणे' अशी शेपटी लावली तर नोंद निलंबित होऊ शकते. पडताळणीसाठी अनेकदा व्हिडिओ मागतात. तो न थांबवता, न कापता एकाच दमात काढायचा असतो. रस्त्याची किंवा सोसायटीची पाटी, मग स्वयंपाकघर, मोठी कढई, सोऱ्या, वजनकाटा, लेबल लावलेली पाकिटं आणि शेवटी व्यवसायाच्या नावाचं नोंदणीपत्र. हा क्रम ठेवला तर परत परत करावं लागत नाही. तुकडे जोडलेला व्हिडिओ नाकारला जातो.

अभिप्राय मागायची वेळ म्हणजे माल पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांनी, डबा उघडून चव घेतलेली असते तेव्हा. प्रोफाइलमधून अभिप्रायाचा थेट दुवा मिळतो, तोच पाठवा. 'पाच तारे द्या आणि दहा टक्के सूट घ्या' हे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे, असे अभिप्राय काढून टाकले जातात. वाईट अभिप्रायाला त्याच दिवशी, दोन ओळींत, वाद न घालता उत्तर द्या: काय झालं, काय भरपाई केली. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतं.

ब्लॉग: कृती सांगितली म्हणून धंदा जात नाही

रील बहुधा चार-सहा दिवस फिरतं आणि खाली जातं. 'अनारसे तुपात का हसतात' या प्रश्नाला दिलेलं नीट उत्तर मात्र दर दिवाळीला आणि दर अधिक महिन्यात शोधलं जातं. ब्लॉग लिहायचा तो यासाठी.

जागा कोणती निवडायची? खर्च नको असेल तर ब्लॉगर ही गूगलची मोफत सेवा पुरेशी आहे. तिला स्वतःचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा स्वतःचा पत्ता, जोडता येतं, म्हणजे वर्षाचा खर्च डोमेनपुरताच. डॉट इन डोमेन सहसा वर्षाला हजार रुपयांच्या आत मिळतं. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी वाचा. पुढे संकेतस्थळावरच पैसे घ्यायचे असतील तर वर्डप्रेस. दोन्हीकडे एक गोष्ट कटाक्षाने पाळा: डोमेन, होस्टिंग (संकेतस्थळ ठेवायची भाड्याची जागा) आणि गूगल खातं तुमच्याच ईमेलवर असावं. पान करून देणाऱ्या भाच्याच्या किंवा डिझायनरच्या नावावर सगळं राहतं, दोन वर्षांनी त्याचा फोन लागत नाही आणि डोमेनची मुदत संपून जाते.

विषयांसाठी डोकं खाजवत बसू नका. व्हॉट्सॲपवरचे गेल्या हंगामातले संभाषण उघडा आणि गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. 'चकली किती दिवस कुरकुरीत राहते?' 'उपासाला चालेल ना?' 'पंधरा माणसांना फराळ किती लागेल?' 'मुलगी अमेरिकेत आहे, बेसनलाडू पाठवले तर टिकतील का?' 'नुसती भाजणी मिळेल का?' एकेक प्रश्न म्हणजे एकेक लेख. 'आमची गौरवशाली वाटचाल' किंवा 'दिवाळीचं महत्त्व' असले लेख कोणी शोधत नाही.

भाजणीचाच लेख घेऊ. शीर्षक: 'चकली तेलात विरघळते, मऊ पडते किंवा कडक होते? भाजणीचं प्रमाण आणि चुका'. पहिल्या तीन ओळींत थेट उत्तर: विरघळते तेव्हा मोहन जास्त झालेलं असतं किंवा तेल तापलेलं नसतं, कडक होते तेव्हा मोहन कमी पडलेलं असतं, मऊ पडते तेव्हा मोठ्या आचेवर बाहेरून रंग येऊन आत ओल राहिलेली असते. मग प्रमाण: ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ, पोहे, धणे आणि जिरे. धान्य धुऊन सावलीत वाळवायचं, वेगवेगळं मंद आचेवर भाजायचं, पूर्ण गार झाल्यावरच दळायला द्यायचं. त्यानंतर उकड, मळणं, सोऱ्यात भरणं, तळणीतून बुडबुडे कमी होईपर्यंत थांबणं. प्रत्येक टप्प्याचा स्वतः काढलेला एक फोटो. मध्ये एका ओळीत 'दळलेली भाजणी आमच्याकडे मिळते' आणि व्हॉट्सॲपचा दुवा. शेवटी तोच दुवा पुन्हा. किंमत अशा कृतीच्या लेखात लिहू नका, ती बदलते. ती कॅटलॉगमध्येच असू द्या.

'सगळी कृती देऊन टाकली तर विकत कोण घेणार?' ही भीती खरी वाटते, पण हिशेब वेगळा आहे. लेख वाचून जी बाई स्वतः चकली करणार आहे ती तुमची चकली घेणारच नव्हती. ती भाजणी घेऊ शकते. बाकीच्यांना एवढा खटाटोप वाचूनच कळतं की चारशे-पाचशे रुपये किलोने मिळणारी चकली स्वस्त आहे. आणि हातचं राखून लिहिलेला लेख वाचकाला लगेच ओळखू येतो.

तांत्रिक बाजूच्या काही गोष्टी खास मराठीच्या आहेत आणि नेमक्या तिथेच चुका होतात. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे फोनच्या मराठी कीबोर्डवर उमटतो तसा, टाइप करा. पत्रकासाठी डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर तसाच चिकटवला तर ब्लॉगवर निरर्थक अक्षरं उमटतात, आणि त्याचं चित्र करून टाकलं तर शोधात त्याचा भरवसा नाही. दरपत्रकही नुसतं चित्र म्हणून टाकू नका.

लेखाचा वेबपत्ता छोटा आणि रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि टक्क्यांच्या खुणांची ती लांबलचक रांग पाहून लोक दाबायला कचरतात. ब्लॉगर मराठी शीर्षकातून पत्ता बनवू शकत नाही, 'ब्लॉग-पोस्ट' असं काहीतरी ठोकून देतं. म्हणून प्रसिद्ध करण्याआधीच पत्त्याच्या रकान्यात स्वतः शब्द भरा. अनेक मराठी माणसं शोधताना रोमन लिपीत मराठी टाइप करतात. वेबपत्त्यात, फोटोच्या फाइलच्या नावात आणि लेखात एखाद्या ठिकाणी तसा शब्द आला की पुरे. दर ओळीत कोंबला तर वाचवत नाही.

वेबपत्त्यात साल घालू नका. 'दिवाळी फराळ दर २०२५' असा लेख पुढच्या वर्षी मेला. तोच पत्ता ठेवून आतला मजकूर दरवर्षी अद्ययावत करा, म्हणजे त्या पानाने गूगलवर मिळवलेलं वजन नव्या वर्षाला कामी येतं.

फोनवरचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो १२०० पिक्सेल रुंदीवर आणून १५० केबीच्या आसपास करा. स्क्वूशसारखं मोफत साधन ब्राउझरमध्येच हे करून देतं. गावाकडच्या कमी वेगाच्या नेटवर जड पान उघडेपर्यंत वाचक परत गेलेला असतो.

लेख टाकला की गूगल सर्च कन्सोलमध्ये (संकेतस्थळ शोधात कसं दिसतं ते दाखवणारं गूगलचं साधन) संकेतस्थळाची नोंद करून साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, द्या. नवं संकेतस्थळ वर यायला महिने लागतात. दोन आठवड्यांत काही दिसत नाही म्हणून सोडून देणारेच जास्त. तीन महिन्यांनी तिथला शोधशब्दांचा अहवाल उघडा. लेख पुष्कळांना दिसतो पण दाबत कोणी नाही, तर शीर्षक बदला. लेख गूगलच्या निकालांच्या दुसऱ्या पानावर अडकला असेल तर राहिलेले प्रश्न त्यात भरा. तिथे कधी कधी अनपेक्षित शोधशब्द सापडतो, मेतकुटाच्या लेखावर 'बाळाला मेतकूट कधी द्यावं' असा. तो पुढचा लेख. महिन्याला दोन चांगले लेख पुष्कळ झाले. एआयकडून एका रात्रीत पन्नास लेख काढून ओतू नका. असा घाऊक मजकूर गूगलच्या धोरणानुसार स्पॅम ठरतो, आणि त्यातलं भाजणीचं प्रमाण चुकीचं निघालं तर नाव तुमचंच जातं.

इन्स्टाग्राम आणि फेसबुक

खातं व्यावसायिक करा. नावाच्या रकान्यात व्यवसायाच्या नावासोबत 'घरगुती फराळ' आणि गावाचं नाव घाला, कारण तो रकाना शोधात धरला जातो. परिचयाला १५० अक्षरं मिळतात: काय विकता, कुठे पोहोचवता, ऑर्डर कशी द्यायची. वर तीन पोस्टी टाचून ठेवता येतात. त्या दरपत्रक, ऑर्डरची पद्धत आणि पोहोचवण्याचा परिसर यांसाठी राखा.

रीलसाठी नवं काही शोधायचं नाही. एका लेखातून चार रील निघतात. भाजणीच्या लेखातून: भाजताना डाळीचा रंग कुठे थांबवायचा, उकड मळून किती मऊ हवी, सोऱ्यातून पडणारी चकली आणि तिचे काटे, तुटताना होणारा आवाज. फोन उभा धरा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, वरचा पिवळा दिवा बंद करा. चित्रण करण्याआधी लेन्स मऊ फडक्याने पुसा. स्वयंपाकघरात तिच्यावर तेलकट थर बसतोच आणि सगळं धुरकट येतं. कढईच्या थेट वर फोन धरू नका, वाफ येते आणि धोकाही आहे. पहिल्या दोन सेकंदांत पदार्थ किंवा चूक दिसली पाहिजे. लोगो फिरत आला की अंगठा पुढे सरकतो. पुष्कळ जण आवाज बंद ठेवून पाहतात, तेव्हा मराठी ओळी पडद्यावर द्या.

गाण्यांबाबत सावध राहा. व्यावसायिक खात्याला चित्रपटगीतं सरसकट वापरता येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा, व्यवसायाला चालणारा संगीतसाठा असतो. दुसरीकडून गाणं जोडून टाकलं की आवाज बंद होतो किंवा रील उतरवलं जातं. तळणीचा खरा आवाज आणि तुमचं मराठी बोलणं यांना कसलीच अडचण नाही, शिवाय खाद्यपदार्थाला तेच शोभतं.

आठवड्याला दोन रील वर्षभर, हे वीस दिवस रोज आणि मग अकरा महिने शांतता याहून केव्हाही चांगलं. उन्हाळ्यात कुरडया-सांडगे, आषाढात उपासाची भाजणी, श्रावणात पुरण, गणपतीत मोदकाची पिठी. आपलं पंचांगच विषय पुरवतं. 'किमतीसाठी मेसेज करा' हे उत्तर कमेंटमध्ये कधीही देऊ नका. किंमत लिहा आणि दुवा द्या. लाइक्स मोजू नका. किती जणांनी रील जतन केलं, पुढे पाठवलं आणि किती जणांनी व्हॉट्सॲप उघडलं, हे पाहा.

फेसबुकला जुनं म्हणून सोडू नका. चाळिशीपुढचा मराठी ग्राहक, सोसायट्यांचे गट, परदेशातल्या मराठी मंडळांचे गट तिथे आहेत. गटाचे नियम वाचूनच पोस्ट टाका. काही गटांत विक्रीला ठरावीक वारच असतो.

एखाद्या खाद्यपान चालवणाऱ्याला मोफत डबा देऊन रील करून घेत असाल, तर ती जाहिरात आहे असं त्यात स्पष्ट दिसायला हवं. तशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि मोफत वस्तूही त्यात मोडते.

पैसे घालून जाहिरात

हंगामाबाहेर, नव्या पानावर, कुठल्याही पोस्टचं 'बूस्ट' (पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं) बटण दाबणं म्हणजे पैसे पाण्यात. जी पोस्ट आपोआप चौकश्या आणते आहे तिच्यावरच पैसे लावा, उद्दिष्ट व्हॉट्सॲपवर संदेश हे ठेवा आणि परिसर तुम्ही खरोखर पोहोचवता तेवढाच निवडा. समजा रोज २०० रुपये, पाच दिवस. १८ टक्के जीएसटी धरून ११८० रुपये झाले. त्यातून १० ऑर्डरी आल्या, सरासरी ६०० रुपयांच्या, आणि खर्च वजा जाता ३० टक्के सुटतात, तर हाती १८००. जाहिरात वजा करून ६२० उरले. ऑर्डरी सहाच आल्या तर १०० रुपयांचा तोटा. हा हिशेब पाचव्या दिवशी कागदावर मांडा आणि मगच पुढे चालवायचं की थांबायचं ते ठरवा.

दिवाळीचं वेळापत्रक उलटं मोजून

२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तिथून मागे या. फराळाचे लेख जून-जुलैत चढले पाहिजेत. ऑगस्टमध्ये थोडा थोडा माल करून फोटो आणि रील काढून ठेवा, ऐन वेळी हात तेलात असतात. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, तिच्यानंतर लगेच परदेशी पार्सलांचं बुकिंग उघडा. दसरा २० ऑक्टोबरला, त्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकांना ब्रॉडकास्ट. स्थानिक ऑर्डर बंद करण्याची तारीख आधीच जाहीर करा आणि पाळा. दिवसाला आठ किलो चकली होत असेल तर बारा किलोंची ऑर्डर घेऊ नका. घाईत तळलेल्या मऊ चकलीचा अभिप्राय गूगलवर पुढच्या दिवाळीलाही दिसत राहतो. क्षमता भरली की 'बुकिंग बंद' ही पोस्ट वर टाचा आणि जाहिरात त्याच क्षणी थांबवा.

नियम आणि फसवणूक

एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर होते. मिळालेला १४ आकडी क्रमांक पाकिटावर तर हवाच, कॅटलॉगमध्ये आणि ब्लॉगवरही द्या. 'मधुमेह बरा करणारे मेथीलाडू' असले दावे लेखात किंवा रीलमध्ये करता येत नाहीत. घटक लिहा, औषधी गुण सांगू नका.

हंगामात मोठ्या ऑर्डरीच्या नावाने फसवणारे फोन येतात. 'पन्नास डबे हवेत, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' असं सांगतात. पैसे घेण्यासाठी स्कॅनही करावं लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. 'तुमचं पान कॉपीराइटमुळे बंद होणार, इथे दाबा' असा संदेशही त्याच जातीचा. इन्स्टाग्राम, फेसबुक, गूगल आणि व्हॉट्सॲप, चारही ठिकाणी दुहेरी पडताळणी (खातं उघडताना दुसरा कोड किंवा पिन मागणारी सोय) आजच सुरू करा आणि पर्यायी कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा.

वही

शेवटी एक साधी वही किंवा गूगल शीट, सहा रकाने: तारीख, गिऱ्हाईक नवं की जुनं, कुठून आलं, काय घेतलं, किती रुपये, अभिप्राय मागितला का. तिसरा रकाना व्हॉट्सॲपच्या दुव्यातल्या आधीच लिहिलेल्या मजकुरावरून भरता येतो. दिवाळी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत थोडी उसंत मिळते, तेव्हा ही वही घेऊन बसा. ज्या लेखातून ऑर्डरी आल्या त्यात या हंगामातले नवे प्रश्न आणि फोटो घाला, ज्या पदार्थावर रील झालं पण विक्री झाली नाही त्याची किंमत आणि वजन पुन्हा तपासा आणि परदेशी पार्सलांत काय फुटलं, काय टिकलं याचा वेगळा लेख स्मरण ताजं असतानाच लिहून टाका.